एफडी (फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट, लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये डोकं किती हललं) सगळ्यांचं ३ मिमीच्या वर येतंय, पण डोकं तर जागेवरच दिसतंय. मोशन करेक्शन कुठे चुकतंय?

सातपुडा_सिग्नल (धुळे)

नमस्कार मंडळी. रेस्टिंग स्टेट एफएमआरआयचा (मूल नुसतं पडून असताना घेतलेल्या मेंदूच्या स्कॅनचा) डेटा हातात आहे. ३२ मुलं, वय १२ ते १७. निम्मी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची, बहुतेक धडगाव-अक्कलकुव्याकडची. उरलेली निरोगी, धुळे-शिरपूर परिसरातली.

मशीन ३ टेस्ला. टीआर (एका व्हॉल्यूमला लागणारा वेळ) २ सेकंद, १८० व्हॉल्यूम (अख्ख्या मेंदूची चित्रं), म्हणजे ६ मिनिटांचा एकच रन. वॉक्सेल (चित्राचा त्रिमितीय ठिपका) ३×३×३.५ मिमी, ३४ स्लाइस, इंटरलीव्ह्ड (आधी विषम, मग सम). मॅट्रिक्स ६४×६४, फेज एन्कोडिंग पुढून मागे, इको स्पेसिंग ०.५ मिलिसेकंद, ॲक्सिलरेशन नाही.

क्रम असा ठेवलाय: स्लाइस टायमिंग (स्लाइसांच्या वेळेतला फरक भरून काढणं), मग एफएसएल सॉफ्टवेअरचं एमसीफ्लर्ट (हालचाल दुरुस्त करणारं; संदर्भ म्हणून मधला व्हॉल्यूम), त्याच्या पार फाइलवरून (दर व्हॉल्यूमला हालचालीचे सहा आकडे) एफडी. एफडीची पायथन स्क्रिप्ट दुसऱ्या लॅबकडून आली आहे, ते लोक एसपीएम हे दुसरं सॉफ्टवेअर वापरतात. रोटेशनला ५० मिमी त्रिज्या धरलेली आहे, ती बरोबर आहे.

अडचण अशी की सरासरी एफडी एकाचंही ३ मिमीच्या खाली नाही, तिघा-चौघांचं तर १० च्या पुढे. ०.५ चा थ्रेशोल्ड लावला तर कुणीच उरत नाही. पण तोच डेटा मूव्ही मोडमध्ये चालवून बघितला तर बहुतेकांचं डोकं छान स्थिर. संदर्भ व्हॉल्यूम बदलून पाहिला, कॉस्ट फंक्शन बदललं, शेवटचा टप्पा सिंक इंटरपोलेशनने केला. आकडे जागचे हलत नाहीत. (डोकं हललं असतं तर निदान समाधान तरी झालं असतं.)

एका मुलाच्या पार फाइलमधल्या लागोपाठच्या दोन ओळी:

०.००११२  −०.०००४८  ०.०००६५  ०.०२१  −०.१३४  ०.२०८
०.००१४१  −०.०००४०  ०.०००५९  ०.०३४  −०.११८  ०.२५१

या जागी स्क्रिप्ट एफडी ३.६० दाखवते.

---

गिरणाकाठचा_गणक

भाऊ, करेक्शनमध्ये काही चुकलेलं नाही. कॉलम उलटे वाचले जात आहेत.

एसपीएमच्या आरपी फाइलमध्ये पहिले तीन कॉलम सरकण्याचे (मिमी) आणि पुढचे तीन फिरण्याचे (रेडियन) असतात. एमसीफ्लर्टच्या पार फाइलमध्ये बरोबर उलट: आधी तीन फिरण्याचे, मग तीन सरकण्याचे. तुमची स्क्रिप्ट शेवटच्या तीन कॉलमना ५० ने गुणतेय, आणि ते तर आधीच मिमीमध्ये आहेत.

तुमच्याच दोन ओळी घ्या. फरक काढला की पहिल्या तिघांचे ०.०००२९, ०.००००८, ०.००००६, बेरीज ०.०००४३. पुढच्या तिघांचे ०.०१३, ०.०१६, ०.०४३, बेरीज ०.०७२. बरोबर एफडी म्हणजे ०.०००४३ गुणिले ५०, अधिक ०.०७२ = ०.०९३५ मिमी. तुमची स्क्रिप्ट ०.०७२ ला ५० ने गुणते, ३.६ येतात, आणि वरचे ०.०००४३ त्यात कुठे दिसतही नाहीत. तुमचा ३.६० तो हाच.

कुठलीही फाइल आली की आधी कॉलमची व्याप्ती बघायची. ०.०५ रेडियन म्हणजे जवळपास ३ अंश. ठीकठाक डेटात रोटेशन त्याच्या पुढे क्वचित जातं. जे तीन कॉलम हजारांशात खेळतात ते फिरण्याचे, जे दशांशात खेळतात ते सरकण्याचे. एएफएनआय या तिसऱ्या सॉफ्टवेअरच्या थ्रीडीव्हॉलरेगची फाइल आली तर आणखी एक खड्डा आहे: तिथेही फिरण्याचे कॉलम आधी, पण ते अंशांत. त्यांना ५० ने नाही, ०.८७३ ने गुणायचं, कारण ५० मिमी त्रिज्येवर १ अंश म्हणजे ०.८७ मिमी. रेडियन समजून थेट ५० ने गुणलं तर त्या भागाचा आकडा ५७ पट फुगतो.

दोन गोष्टी अजून, न विचारता सांगतो.

स्लाइस टायमिंगनंतर काढलेलं एफडी खऱ्यापेक्षा कमी दिसतं. स्लाइस टायमिंग म्हणजे काळाच्या अक्षावर इंटरपोलेशन. एका व्हॉल्यूमचा झटका ते शेजाऱ्यांत वाटून टाकतं. डिस्पाइकचंही (सिग्नलमधले सुळके कापण्याचंही) तेच. म्हणून एमसीफ्लर्ट एकदा अगदी कच्च्या डेटावर चालवा, एफडी आणि काढायच्या व्हॉल्यूमची यादी त्यावरूनच बनवा. प्रत्यक्ष प्रोसेसिंगचा क्रम मग तुमचा तुम्ही ठेवा.

दुसरं म्हणजे एमसीफ्लर्ट स्वतः जी रिलेटिव्ह आरएमएस फाइल देतं, ते संशोधक पॉवर यांच्या २०१२ च्या व्याख्येतलं एफडी नव्हे. तिथे ८० मिमी त्रिज्येच्या गोलावरचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) असतो आणि आकडा साधारण लहान येतो. ०.५ किंवा ०.२ हे थ्रेशोल्ड बेरजेच्या एफडीसाठीचे आहेत. ते आरएमएसवर लावले तर खराब व्हॉल्यूम गाळणीतून सटकतात.

---

सातपुडा_सिग्नल (धुळे)

गणक भाऊ, पायाच दाखवा. कॉलम बदलले, कच्च्या डेटावर पुन्हा चालवलं. आता सरासरी एफडी ०.०८ ते ०.३५ मध्ये आहे. जीव भांड्यात पडला.

आता खरे प्रश्न उरले:

१) जवळजवळ सगळ्यांच्या आलेखात अगदी सुरुवातीला एक सुळका आहे, ०.४ ते ०.६ चा.

२) दोघांमध्ये वाय दिशेचं सरकणं सरळ रेषेत वाढत जातं. ६ मिनिटांत साधारण ०.८ मिमी. बाकी पाचही पॅरामीटर सपाट.

३) एका मुलाच्या तीन-चार व्हॉल्यूममध्ये करेक्शननंतरही बाजूने पाहिल्यावर आडवे पट्टे दिसतात.

४) सिकलसेलच्या गटात एफडीचे झटके जास्त आहेत. हालचालीचे २४ पॅरामीटर, व्हाइट मॅटर आणि सीएसएफ (मेंदूतलं पाणी) यांचे सिग्नल वजा करणं, सेन्सरिंग (खराब व्हॉल्यूम काढणं) सगळंच लावू का?

---

भरीतपार्टी

पट्ट्यांपासून सुरुवात करतो, कारण तिथे लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात आणि हाती काहीच लागत नाही.

तो व्हॉल्यूम सॅजिटल (बाजूच्या) दृश्यात उघडा आणि डोक्याच्या मागची कड बघा. नीट व्हॉल्यूममध्ये ती सलग गोलाई असते. तुमच्या त्या व्हॉल्यूममध्ये ती कंगव्यासारखी दिसेल: एक स्लाइस बाहेर, एक आत, एक बाहेर, एक आत. तुमचं इंटरलीव्ह्ड आहे, म्हणजे पहिल्या सेकंदात १७ विषम स्लाइस निघतात आणि दुसऱ्या सेकंदात १७ सम. पोरानं बरोबर मध्ये मान हलवली की विषम स्लाइस जुन्या जागेवरच्या आणि सम नव्या जागेवरच्या. एमसीफ्लर्ट काय किंवा एसपीएम काय, दोघंही अख्खा व्हॉल्यूम एकच घट्ट ठोकळा समजतात. इथे ठोकळे दोन आहेत. मग ते मधलीच कुठलीतरी स्थिती काढतात आणि दोन्हीकडे चूक उरते. सहा आकड्यांत ही गोष्ट मावतच नाही, पॅरामीटर कितीही बारकाईने काढा.

त्यानंतरचे एक-दोन व्हॉल्यूमही खराब असतात, जरी डोकं तोवर स्थिर झालेलं असलं. त्याचं कारण वेगळं. हलल्यावर एखाद्या स्लाइसच्या जागी असा ऊतीचा भाग येतो ज्याला शेवटची आरएफ (रेडिओ) पल्स २ सेकंदांपूर्वी नाही, तर १ किंवा ३ सेकंदांपूर्वी मिळाली होती. टी१ रिकव्हरी (पल्सनंतर सिग्नल भरून येणं) कमीजास्त, म्हणून चमक कमीजास्त. याला स्पिन हिस्टरी म्हणतात, आणि व्हॉल्यूम कितीही नीट रांगेत बसवला तरी चमकेतला हा फरक जात नाही. म्हणूनच झटक्याच्या व्हॉल्यूमबरोबर आधीचा १ आणि नंतरचे २ काढायची पद्धत आहे. डीव्हार्सचा (लागोपाठच्या व्हॉल्यूममधल्या चमकेच्या फरकाचा) आलेख एफडीच्या खाली लावून बघा: एफडी एका बिंदूत उतरतं, डीव्हार्स मात्र रेंगाळतं.

वायची सरळ रेषा: हे बहुधा डोकं नाहीच. तुमचं फेज एन्कोडिंग पुढून मागे, म्हणजे तीच वाय दिशा. ग्रेडियंट तापले की चुंबकीय क्षेत्र हळूहळू सरकतं, आणि ईपीआयमध्ये (एफएमआरआयच्या झटपट स्कॅन पद्धतीत) फ्रिक्वेन्सीतला फरक फेज एन्कोडिंगच्या दिशेनं सरकलेल्या चित्राच्या रूपात दिसतो. तुमचेच आकडे घ्या. ६४ ओळी × ०.५ मिलिसेकंद = ३२ मिलिसेकंद, म्हणजे एका वॉक्सेलमागे साधारण ३१ हर्ट्झ. ६ मिनिटांत ८ हर्ट्झ सरकले तर पाव वॉक्सेल, म्हणजे ०.७७ मिमी. तुमचा ०.८ आलाच की.

खात्री करायची तर तोच सीक्वेन्स फँटमवर (चाचणीच्या निर्जीव वस्तूवर) ६ मिनिटं चालवा. फँटमला मान नसते. तिथेही वाय सरकला तर प्रश्न मिटला. आणि त्या दोन मुलांचा स्कॅन क्रम तपासा. रेस्टिंगच्या आधी डीटीआय (ग्रेडियंटवर जोर देणारा वेगळा स्कॅन) घेतलं असेल तर ग्रेडियंट आधीच चांगले तापलेले असतात. एफडीवर याचा परिणाम नगण्य, दर व्हॉल्यूमला ०.००४ मिमी. हाय-पास किंवा डीट्रेंडमध्ये तो निघून जातो. या दोघांना वगळू नका.

उशीचा फोम दबून डोकं खरंच खाली जात असेल तर चित्र वेगळं असतं. तिथे वाय एकटा जात नाही, पिच (मान वरखाली होणं) आणि झेड (डोक्यापासून पायांकडची दिशा) सोबत हलतात, आणि रेषा सरळ नसून सुरुवातीला जास्त उतरते, मग सपाट होते.

सुरुवातीचा सुळका सोपा आहे. अख्ख्या मेंदूच्या सरासरी सिग्नलचा आलेख काढा. पहिले दोन-तीन बिंदू वर असतील तर स्कॅनरने डमी व्हॉल्यूम टाकलेले नाहीत, सिग्नल अजून स्थिरावलेला नाही. त्या व्हॉल्यूमचा कॉन्ट्रास्ट वेगळा असतो, म्हणून रजिस्ट्रेशनला हालचाल झाल्याचा भास होतो. पहिले ४ काढून टाका. पण मग सगळीकडून काढा! पार फाइल १८० ओळींची आणि डेटा १७६ व्हॉल्यूमचा असं राहिलं तर सेन्सरिंगची यादी चारने घसरते, आणि तुम्ही चांगले व्हॉल्यूम काढून खराब ठेवता. तसंच एफडीला पहिल्या बिंदूसाठी ० जोडलंय का तेही बघा. नाहीतर १७५ आकडे येतात आणि सगळं एकाने सरकतं. काढलेल्यांपैकी दोन-तीन व्हॉल्यूम डोळ्यांनी उघडून बघणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

---

गिरणाकाठचा_गणक

चौथा प्रश्न राहिला. "सगळंच लावू का" याचं उत्तर: मोजून लावा, तुमच्याकडे तेवढं भांडवल नाही.

१७६ व्हॉल्यूम, टीआर २, म्हणजे नायक्विस्ट (पकडता येणारी सगळ्यात मोठी फ्रिक्वेन्सी) ०.२५ हर्ट्झ. ०.०१ ते ०.१ चा बँडपास (फक्त तेवढ्या फ्रिक्वेन्सी ठेवणारा फिल्टर) ठेवला की पट्ट्यात येतात फक्त ३६ टक्के, म्हणजे ६३ डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र आकडे). त्यातून २४ मोशनचे, व्हाइट मॅटर आणि सीएसएफ त्यांच्या डेरिव्हेटिव्हसह ४. उरले ३५. आता ज्याचे ४० व्हॉल्यूम सेन्सर झाले त्याचं काय? १३६ चे ३६ टक्के म्हणजे ४९, वजा २८, राहिले २१. इतक्यावर दोन भागांच्या सिग्नलचं कोरिलेशन (म्हणजेच कनेक्टिव्हिटी) काढलं तर मोठे आकडे नुसत्या योगायोगाने येतात, आणि ते जास्त हलणाऱ्या मुलांमध्ये जास्त येतात. म्हणजे ज्याला टाळायचं होतं तेच मागच्या दाराने आत.

माझं मत: आधी पाच मिनिटांची अट लावा. टीआर २ ला पाच मिनिटं म्हणजे १५० व्हॉल्यूम, म्हणजे १७६ मधून फार तर २६ गमवायची मुभा. ०.२ चा कडक थ्रेशोल्ड लावून मुलांच्या डेटात अर्धे लोक गळत असतील तर ०.३ च्या आसपास या, पण दोन्ही गटांना एकच आकडा ठेवा आणि निकाल बघायच्या आधी ठरवा.

क्रमाची चूक मात्र कुणी करू नका: आधी बँडपास आणि मग न गाळलेले मोशन रिग्रेसर (डेटातून वजा करायचे हालचालीचे आकडे). रिग्रेसरमधल्या उच्च फ्रिक्वेन्सी त्याने गाळलेल्या डेटात परत घुसतात. एकतर रिग्रेसरही त्याच फिल्टरमधून काढा, किंवा एएफएनआयचं थ्रीडीटीप्रोजेक्ट वापरा. ते सेन्सरिंग, बँडपास आणि रिग्रेशन एकाच झटक्यात करतं.

---

भरीतपार्टी

०.३ ला माझा आक्षेप नाही, पण इथे थ्रेशोल्डपेक्षा गटांमधला फरक जास्त धोक्याचा. हालचालीने जवळजवळच्या भागांमधलं कनेक्शन खोटं वाढतं आणि लांबच्यांचं खोटं घटतं. सिकलसेलची मुलं जास्त हलली, तर "सिकलसेलमध्ये लांब पल्ल्याची कनेक्टिव्हिटी कमी" असा निकाल आयता तयार होतो. दिसायलाही तो अगदी पटण्यासारखा!

म्हणून साफ केल्यानंतर दोन्ही गटांच्या सरासरी एफडीची तुलना करा. मग प्रत्येक जोडीची कनेक्टिव्हिटी घेऊन ३२ जणांमध्ये तिचा सरासरी एफडीशी संबंध काढा, आणि तो संबंध दोन भागांमधल्या अंतरासमोर मांडा. बिंदूंचा ढग सपाट असेल तर ठीक. अंतराबरोबर खाली उतरत असेल तर सफाई अपुरी आहे. एफडी कोव्हेरिएट (ज्याचा वाटा हिशोबातून वजा करायचा असा घटक) म्हणून घालता येतं, पण आजार आणि हालचाल एकमेकांना चिकटलेले असतील तर कोव्हेरिएट आजाराचाही भाग खाऊन टाकतो. त्यापेक्षा दोन्ही गटांतून हालचाल जुळणारी मुलं निवडलेली बरी, चार कमी झाली तरी चालतील.

---

टेबलजवळची_ताई (भुसावळ)

सॉफ्टवेअरचं झालं, आता मशीनजवळचं बोलते. पुढची बॅच स्कॅन होणार असेल तर यातलं अर्धं काम तिथेच वाचतं.

सिकलसेलच्या मुलांना खुब्याच्या सांध्याचं दुखणं बऱ्याचदा असतं, पाठीवर सपाट झोपलं की ते ठणकतं. गुडघ्याखाली जाड उशी द्या. स्कॅन रूमचा एसी आपल्याला सवयीचा, पण थंडीने त्यांचा त्रास उफाळू शकतो. पांघरूण आधीच द्या, कुडकुडणं थेट ग्राफमध्ये दिसतं. त्यांना पाणी भरपूर प्यायला सांगितलेलं असतं, तेव्हा टेबलवर घेण्याच्या अगदी आधी बाथरूमला पाठवा. नाहीतर चौथ्या मिनिटाला चुळबुळ ठरलेली.

डोक्याला दोन्ही बाजूंनी कानाजवळ फोम घट्ट, आणि कपाळावरून मायक्रोपोर टेपची एक पट्टी, तिची टोकं कॉइलच्या दोन्ही कडांना. टेपने डोकं बांधून ठेवायचं नसतं. हललं की कातडी ओढली जाते आणि मुलाला स्वतःलाच कळतं. आपल्याकडे मुलं चापून तेल लावून येतात, त्यावर टेप दोन मिनिटं टिकत नाही. आधी कपाळ स्पिरिटने पुसा. मुलींचा अंबाडा किंवा घट्ट वेणी मागे असेल तर डोकं त्या गाठीवर लोळतं. केस मोकळे करून बाजूला घ्या, पिना काढाव्या लागतातच.

सगळ्यात मोठा घोटाळा इंटरकॉमचा. रनच्या तोंडावर आपण विचारतो "कसं वाटी ऱ्हायनं?" आणि पोरगं तोंडाने न बोलता मान डोलावतं. पिचमध्ये सुळका! उत्तर हातातला बॉल दाबून द्यायचं, हे टेबल आत ढकलायच्या आधी दोनदा करून घ्या. विचारून झाल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबून मग रन सुरू करा. सूचना मुलाच्या भाषेत हव्यात. धडगावकडच्या मुलाला पावरी बोलीत सांगणारं कुणी सोबत असेल तर त्याच्याकडूनच सांगून घ्या.

धडगावहून सकाळची गाडी पकडून आलेलं मूल दुपारी दोनला स्कॅनरमध्ये झोपणारच. डुलकी लागली की अंग दचकतं, आणि झोपेची कनेक्टिव्हिटी जागेपणाची नसते ते वेगळंच. डोळे उघडे ठेवून खुणेकडे बघायला सांगा. जागं ठेवायला चहा पाजू नका, कॅफीनने मेंदूचा रक्तप्रवाह कमी होतो आणि बोल्ड सिग्नल (एफएमआरआय मोजतं तो) बदलतो. एका गटाला चहा आणि एकाला नाही असं झालं तर ते पुढे कुठल्याच रिग्रेसरने निघायचं नाही.

आणि ६ मिनिटांचा एक रन ठेवण्याऐवजी दोन ठेवा, रेस्टिंग आधी आणि डीटीआय शेवटी.

---

सातपुडा_सिग्नल (धुळे)

ताई, वायच्या त्या दोघांचा स्कॅन क्रम पाहिला. दोघांचंही डीटीआय आधी झालेलं आहे, बाकी तिसांचं नंतर. फँटम रन पुढच्या आठवड्यात लावतोय.

पट्ट्यांचे व्हॉल्यूम सॅजिटलमध्ये उघडले, कंगवाच आहे. पहिले ४ व्हॉल्यूम सगळीकडून काढले, सुळका गेला. ०.३ आणि १५० च्या अटीने ३२ पैकी २६ उरतात, सिकलसेलचे ११ आणि निरोगी १५. अंतरासमोरचा ढग अजून थोडा उतरतोय.

---

गिरणाकाठचा_गणक

११ ला १५ असेल तर भरीतपार्टींनी सांगितलं तसं जुळवून ११-११ करा आणि ढग पुन्हा काढा. तरी उतरत असेल तर ग्लोबल सिग्नल रिग्रेशन (अख्ख्या मेंदूचा सरासरी सिग्नल वजा करणं) घालून आणि न घालता, दोन्ही निकाल शेजारी ठेवा. अंतराचा उतार त्याने नेहमी जात नाही, पण अख्ख्या मेंदूभर पसरलेला हालचालीचा भाग बराच कमी होतो. सिकलसेलमध्ये रक्तक्षयामुळे मेंदूचा रक्तप्रवाह मुळातच वाढलेला असतो, म्हणजे ग्लोबल सिग्नलमध्ये आजाराचाही वाटा असू शकतो. एकच निकाल दाखवून मोकळं होता येणार नाही.